वचननाम्यापासून बिलापर्यंत

मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी 2017च्या निवडणुकीत शिवसेनेने आपल्या वचननाम्यात एक आश्वासन दिले होते. चाळीत किंवा म्हाडाच्या वसाहतीत राहणाऱ्या कुणालाही ते एकदा वाचून कळावे असे होते: 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. ते पूर्णपणे अमलात आले 1 जानेवारी 2022पासून. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत या वचनाला उघड विरोध करणारा एकही मोठा पक्ष नव्हता. जुलै 2017मध्ये महापालिका सभागृहाने ठराव केला. 8 मार्च 2019 रोजी, म्हणजे लोकसभा निवडणुकीची घोषणा होण्याच्या दोनच दिवस आधी, राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तरीही लोकांच्या हातात बिले येत राहिली. कोणी अडवत नसतानाही एक वचन पाच वर्षे कुठे अडकते, या प्रश्नातून हे पुस्तक उभे राहिले.

आपल्याकडे निवडणुकीतल्या आश्वासनांची चर्चा बहुधा दोन टोकांवर होते. एक बाजू म्हणते, ही सगळी रेवडी आहे, तिजोरी लुटण्याचा धंदा आहे. दुसरी म्हणते, गरिबाला आणि सामान्य माणसाला काही मिळाले की शहाण्यांच्या पोटात दुखते. दोन्ही बाजू भाषणापाशी थांबतात. भाषण संपल्यावर विधी व न्याय विभागात मसुदा कसा तयार होतो, वित्त विभागाची सहमती कोणत्या अटीवर मिळते, कोणते लेखाशीर्ष उघडले जाते आणि शेवटी वॉर्ड ऑफिसातला लिपिक कोणता कागद मागतो, याकडे फारसे कुणी पाहत नाही. मध्यमवर्गाला वचन मिळाले की नाही हे मात्र तिथेच ठरते, आणि म्हणूनच ही पाने त्या टेबलांवर रेंगाळतात.

मुंबईच्या करमाफीत पहिली अडचण अधिकाराची होती. महापालिकेचा कर कोणावर आणि किती, हे मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 ठरवतो, आणि तो बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. नगरसेवक निवडून देण्यासाठी लोकांनी मत दिले, पण दिलेले वचन पाळण्याची किल्ली मंत्रालयात होती. महापालिकेचा ठराव म्हणजे कायद्याच्या दृष्टीने राज्याला केलेली विनंती. ती विनंती मान्य व्हायला वीस महिने लागले, आणि त्या काळात राज्यात आणि महापालिकेत शिवसेना-भाजप एकाच वेळी मित्र आणि प्रतिस्पर्धी होते. श्रेय कुणाचे, हा प्रश्न कायद्याच्या मसुद्याइतकाच जड होता. त्यासाठी मी कुणा एका पक्षाला दोष देत नाही. मतदाराला हे आधी सांगायला हवे होते एवढेच म्हणतो. महापालिकेच्या निवडणुकीत राज्याच्या अधिकारातले वचन देताना ‘राज्याने कायदा बदलला तर’ हे शब्द छापले असते, तर पुढची चिडचिड निम्मी झाली असती.

दुसरी अडचण अधिक शिकवणारी आहे. मुंबईतले मालमत्ता कराचे बिल ज्यांनी नीट पाहिले आहे त्यांना ठाऊक असते, की ‘मालमत्ता कर’ नावाचा एकच कर त्यात नसतो. सर्वसाधारण कर, जल लाभ कर, मलनिःसारण कर आणि मलनिःसारण लाभ कर, महापालिकेचा शिक्षण उपकर, राज्याचा शिक्षण उपकर, वृक्ष उपकर, पथ कर अशी ती एक यादी असते. 2019च्या निर्णयाने कायद्यात जो बदल झाला तो या यादीतल्या फक्त एका ओळीला लागू पडला: सर्वसाधारण कर. बाकीच्या ओळी तशाच राहिल्या. ज्यांनी टीव्हीवर ‘मालमत्ता कर माफ’ ऐकले होते, त्यांनी पुढचे बिल उघडले तेव्हा त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटले. फसवणुकीचा हेतू होता असे मला वाटत नाही. वचन देणाऱ्याच्या डोळ्यापुढे अख्खे बिल होते आणि मसुदा लिहिणाऱ्यासमोर अधिनियमातली ठरावीक कलमे होती. या दोघांना एका टेबलावर बसवणारे कुणी नव्हते. शिवाय राज्याचा शिक्षण उपकर महापालिका फक्त गोळा करते. तो वेगळ्या कायद्याखाली येतो आणि पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. तो माफ करायचा तर राज्याला स्वतःचे उत्पन्न सोडावे लागणार होते.

जानेवारी 2022मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी संपूर्ण माफी जाहीर केली, मंत्रिमंडळाने ती मंजूर केली आणि सुमारे 16 लाख घरांचे बिल शून्यावर आले. महापालिकेच्या वर्षाकाठच्या चारशे कोटींहून अधिक उत्पन्नावर पाणी सोडावे लागले. त्या मार्चमध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. म्हणजे ज्या सभागृहासाठी हे वचन दिले होते, त्याचे जवळजवळ सगळे आयुष्य ते पाळण्याच्या खटपटीत गेले. याच वचननाम्यात 500 ते 700 चौरस फुटांच्या घरांनाही सवलत देण्याचे म्हटले होते. ती आजवर कुठल्याही बिलात उतरलेली नाही.

इथे एक प्रश्न आधीच विचारायला हवा. मध्यमवर्ग म्हणजे कोण, हे सरकारला कसे कळते? राज्याकडे मध्यमवर्गीयांची नोंदवही नाही. त्याच्याकडे करआकारणी वही आहे, आरटीओची नोंद आहे, वीज मीटरचे वाचन आहे, पॅन क्रमांक आहे, सेवापुस्तिका आहे. त्यामुळे मध्यमवर्गासाठीचे प्रत्येक वचन धोरण होताना यांपैकी एखाद्या वहीत आडवी रेघ मारते. मुंबईत ती रेघ 46.45 चौरस मीटर चटई क्षेत्रावर पडली. टोलमाफीत ती हलक्या वाहनावर पडली. दिल्लीत वीजबिलाची सवलत 200 युनिटपर्यंत शून्य आणि 400 युनिटपर्यंत निम्मी, अशी मीटरवर पडली. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत ती 1 नोव्हेंबर 2005 या रुजू होण्याच्या तारखेवर आहे. वही आणि माणसाची खरी परिस्थिती यांत अंतर असतेच. परळच्या जुन्या इमारतीतल्या 480 फुटांच्या घरात निवृत्त शिक्षक राहत असेल, आणि वरळीच्या नव्या मनोऱ्यातले तेवढेच घर एखाद्या गुंतवणूकदाराने भाड्याने देण्यासाठी घेतलेले असेल. करआकारणी वहीला दोघे सारखेच दिसतात. मुंबईत 2010पासून कर भांडवली मूल्यावर बसतो, त्यामुळे माफीचा रुपयांतला मोठा फायदा त्या दोघांपैकी कुणाला झाला, हे वेगळे सांगायला नको.

रेघेच्या काठावर राहणाऱ्यांचे हाल तर कुणीच मोजत नाही. 498 फुटांच्या घराला शून्य आणि 503 फुटांच्या घराला संपूर्ण बिल, असा निर्णय एकाच मजल्यावरच्या दोन दारांमध्ये भिंत उभी करतो. त्यावर उपाय नाही असे मुळीच नाही. केंद्राच्या फेब्रुवारी 2025च्या अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत 12 लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर लागणार नाही, असे जाहीर झाले. नोकरदारांसाठी प्रमाणित वजावटीसह ही मर्यादा 12.75 लाख होते. आता 12 लाख 10 हजार उत्पन्न असलेल्याचे काय? टप्प्यांप्रमाणे हिशेब केला तर त्याचा कर 61,500 रुपये होतो, म्हणजे दहा हजार जास्त कमावल्याबद्दल साठ हजारांहून अधिक दंड. हे होऊ नये म्हणून कायद्यातच सीमांत सवलतीची तरतूद आहे. त्याचा कर जास्तीच्या दहा हजारांपुरताच राहतो, वर फक्त उपकर. आयकर कायदा लिहिणाऱ्यांना काठावरचा माणूस दिसला, कारण त्या खात्यात अशा माणसांचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. महापालिकेच्या करमाफीत तो दिसला नाही. पहिल्या 500 फुटांचा कर प्रत्येक घराला माफ आणि त्यापुढच्या फुटांवर आकारणी, अशी सोपी रचना करता आली असती. खर्च वाढला असता, पण मग मर्यादा 400 फुटांवर आणण्याचा पर्यायही खुला होता. असा हिशेब मांडून निवड करणे म्हणजेच धोरण आखणे.

आता पैशाकडे येतो, कारण सगळ्यात कमी चर्चा त्याची होते आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात बंद झाली. जकात हे महापालिकेचे सगळ्यात मोठे उत्पन्न होते, वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास. तिच्या जागी राज्याकडून दरमहा नुकसानभरपाई मिळू लागली. म्हणजे स्वतः गोळा करण्याच्या मोठ्या करांपैकी महापालिकेकडे मालमत्ता कर उरला, आणि नेमक्या त्याच महिन्यात सभागृहाने त्याच्या माफीचा ठराव केला. हा योगायोग असेल, पण जकात गेल्यावर या शहराने स्वतःच्या पायावर कसे उभे राहायचे, यावर तेव्हा जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. एप्रिल 2025मध्ये महापालिकेने घनकचऱ्याच्या उपविधींचा मसुदा काढला, त्यात 50 चौरस मीटरपर्यंतच्या घरांना कचऱ्यापोटी महिना 100 रुपये शुल्क सुचवले होते. 500 चौरस फूट म्हणजे 46 चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. करमाफीतली ती सगळी घरे या प्रस्तावित शुल्कात बसत होती. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे 5 रुपयांवरून 10 रुपये झाले. करमाफीमुळेच हे घडले असे मी म्हणत नाही. तसा थेट संबंध जोडणे अन्यायाचे होईल. मात्र तिजोरी एकच आहे, आणि एका खिडकीवर सोडलेला पैसा दुसऱ्या खिडकीवर मागितला जाण्याची शक्यता माफी जाहीर करताना कुणी बोलून दाखवली नव्हती.

स्थानिक संस्था कराची (एलबीटी) गोष्टही अशीच आहे. 2014च्या विधानसभा निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचे वचन व्यापाऱ्यांना दिले गेले. 1 ऑगस्ट 2015पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांसाठी तो रद्द झाला. वचन ठरल्याप्रमाणे पाळले गेले आणि महापालिकांना राज्य अनुदान देऊ लागले. पण घर विकत घेताना मुद्रांक शुल्कावर एलबीटीच्या नावाने जो 1 टक्का अधिभार लागत असे, तो राहिला. पुण्यात फ्लॅट घेणारे तरुण जोडपे आजही दस्तनोंदणीच्या वेळी रद्द झालेल्या कराच्या नावाने पैसे भरते, आणि त्याच्या शेजारी मेट्रोचा आणखी 1 टक्का असतो. 60 लाखांच्या घरावर तो एलबीटी अधिभार 60 हजार होतो. दुकानदार मध्यमवर्गातलाच आणि घर घेणाराही मध्यमवर्गातलाच. एकाला दिलासा मिळाला, दुसऱ्याचा भार तसाच राहिला, कारण दुसऱ्याची संघटना नव्हती.

टोलबद्दल फार लिहीत नाही, त्यावर पुढे एक प्रकरण आहे. 2014ला टोलमुक्तीचे वचन होते. 2015च्या जूनपासून 12 नाके बंद झाले आणि 53 नाक्यांवर मोटारींना, एसटीला आणि शाळेच्या बसना सूट मिळाली. मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवरची मोटारींची सूट मात्र ऑक्टोबर 2024मध्ये, विधानसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या रात्री आली. कंत्राटे करून पूल बांधले असतील तर टोल माफ होत नसतो. तो सरकारने भरायचा, की मुदत वाढवून ट्रकवाल्याने, एवढेच ठरायचे असते. ट्रकवाल्याने भरला की भाजीच्या भावात कुणाकुणाच्या घरी पोचतो, हे अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही कळते.

या सगळ्याच्या समोर महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी केलेले एक काम ठेवून पाहावे, असे मला मनापासून वाटते. वि. स. पागे यांनी 1965च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग केला, त्यातून आणि 1972च्या दुष्काळाच्या तडाख्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. मागेल त्याला काम, हे वचन आजच्या कुठल्याही घोषणेइतकेच भव्य होते. फरक असा की त्यासाठी पैसा कुठून येणार, हे कायद्यात लिहिले गेले. 1975मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. मुंबई-पुण्यातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा हा कर खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी होता. रोजगार हमीचा कायदा 1977चा, तो 26 जानेवारी 1979पासून लागू झाला, आणि त्यात या करातून जेवढा पैसा येईल तेवढाच आणखी राज्याने घालायचा, अशी तरतूद होती. आजही राज्यातल्या पगारपत्रकावर महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 अशी कपात दिसते. वर्षाला 2,500 रुपये ही संविधानाच्या अनुच्छेद 276ने घातलेली कमाल मर्यादा आहे. ही कपात कशासाठी सुरू झाली, हे आता फार थोड्या लोकांना आठवते.

शहरी मध्यमवर्ग त्या वेळी नाराज झाला असेलही. पण त्याने पैसे भरले, आणि ज्या राज्यात तो राहत होता तिथे दुष्काळात माणसे गाव सोडून पळू नयेत, म्हणून भरले. ‘आमच्या कराच्या पैशांवर दुसऱ्यांची चैन’ ही तक्रार ऐकली की मला ही गोष्ट आठवते. मध्यमवर्गाने दुसऱ्यांसाठी पैसे मोजल्याची इतकी मोठी परंपरा या राज्यात आहे, की तिचा अभिमान बाळगायला हवा. आणि त्याच अभिमानाने आजच्या प्रत्येक वचनाला विचारायला हवे: तुझा पैसा कोणत्या कलमात लिहिला आहे?

2024ची ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना या प्रश्नासमोर ठेवल्यावर तिच्याबद्दलची नेहमीची भांडणे थोडी बाजूला पडतात. 28 जून 2024च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये पहिले पैसे खात्यात पडले. दोन महिने. मुंबईच्या करमाफीला पाच वर्षे लागली. फरकाचे कारण सरळ आहे. बँक खाते आणि आधार जोडलेले असले की पैसे पाठवायला कुठलाही कर-कायदा बदलावा लागत नाही. शासन निर्णय काढला, लेखाशीर्ष उघडले, पुरवणी मागण्यांत तरतूद केली, झाले. पण घाईत सोडलेली छाननी नंतर करावी लागते, आणि 2025मध्ये ती महिलांच्या वाट्याला पडताळणीच्या रूपाने आली. मध्यमवर्गाशी या योजनेचा संबंध तिच्या अटींतून येतो: कुटुंबात आयकर भरणारा नको, चारचाकी नको, उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. म्हणजे इथेही वहीतली रेघ, फक्त या वेळी मध्यमवर्ग तिच्या बाहेरच्या बाजूला उभा. प्रचारात 1,500चे 2,100 करण्याचे वचन दिले गेले, ते कुठल्या उत्पन्नातून, हे त्या भाषणांत नव्हते.

असे सांगणे बंधनकारक का नाही, हे वाचक विचारतील. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2013च्या एस. सुब्रमण्यम बालाजी खटल्याच्या निकालात म्हटले, की जाहीरनाम्यातली वचने लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत. मात्र निवडणूक आयोगाने याबाबत मार्गदर्शक तत्त्वे करावीत असा आदेशही दिला. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत आठवा भाग जोडला गेला. जाहीरनाम्यात वचनामागची कारणमीमांसा असावी आणि पैसा उभा करण्याचे मार्ग ढोबळमानाने तरी सांगावेत, असे त्यात आहे. ऑक्टोबर 2022मध्ये आयोगाने पक्षांना एक नमुना तक्ता सुचवला, त्यात खर्च किती आणि तो कोणत्या कर-उत्पन्नातून, कुठली कपात करून की कर्ज काढून, हे भरायचे होते. अनेक पक्षांना ते आपल्या अधिकारावरचे आक्रमण वाटले. माझे मत स्पष्ट आहे. न्यायालयाने किंवा आयोगाने वचने अडवू नयेत, ते काम मतदाराचे. पण तो तक्ता भरलाच पाहिजे. जो पक्ष पाच वर्षे राज्याचा अर्थसंकल्प चालवणार, त्याला निवडणुकीआधी एक पान हिशेब लिहिणे जड जाऊ नये.

पुण्याचे प्रकरण मी मुद्दाम सविस्तर घेतले आहे, कारण तिथे वचन पुरे होऊनही माणसापर्यंत पोचायला आणखी एक टप्पा लागला. पुणे महापालिका 1970पासून स्वतः राहत असलेल्या घरांना मिळकतकरात 40 टक्के सवलत देत असे. लेखापरीक्षणात तिच्या कायदेशीर आधाराबद्दल आक्षेप आले आणि 2018च्या सुमारास राज्य सरकारने ती रद्द ठरवली. 2019नंतर नोंदल्या गेलेल्या घरांना सवलतीविना बिले येऊ लागली. धानोरी, बाणेर, आंबेगाव अशा उपनगरांत कर्जाचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबांना शेजारच्या जुन्या सोसायटीपेक्षा कितीतरी जास्त कर बसला. फेब्रुवारी 2023च्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत हा विषय तापला. 2 मार्चला निकाल लागला, भाजपचा अनेक वर्षांचा बालेकिल्ला पडला, आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा लागू केली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण 40 टक्के सवलत ‘स्वतः राहत असलेल्या’ घराला आहे, आणि घरात मालक राहतो की भाडेकरू हे महापालिकेच्या वहीत नव्हते. म्हणून पीटी-3 नावाचा अर्ज आला. सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा गॅसचे कार्ड असा पुरावा, 25 रुपये शुल्क, आणि 15 नोव्हेंबर 2023ची मुदत, जी पुढे वाढवावी लागली. ज्यांनी अर्ज वेळेत भरला त्यांना सवलत मिळाली आणि जास्तीची रक्कम पुढच्या बिलांत वळती होऊ लागली. ज्यांना अर्ज करायचा आहे हेच कळले नाही, त्यात एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक आणि परगावी बदली झालेले नोकरदार मोठ्या संख्येने असणार, त्यांना आपण हक्क गमावतो आहोत याची कल्पना बिल आल्यावरच आली. तत्त्व म्हणून पुरावा मागणे योग्यच आहे, नाहीतर सवलत गुंतवणूकदारांकडे जाते. पण तो पुरावा गोळा करण्याची जबाबदारी कुणावर टाकायची, हाही धोरणाचाच भाग आहे. मतदार यादी, वीज जोडणी आणि नोंदणीकृत भाडेकरार या तिन्ही वह्या सरकारी यंत्रणेकडेच आहेत. त्या एकमेकींशी ताडून पाहण्याऐवजी लाखो लोकांना रांगेत उभे केले गेले. मुंबईत याच्याशी मिळतीजुळती एक अडचण आली. बऱ्याच जुन्या सोसायट्यांचे मालमत्ता कराचे बिल अख्ख्या इमारतीच्या नावाने एकच येते आणि सचिव ते सभासदांत वाटतो. एकाच इमारतीत काही घरे 500 फुटांच्या आत आणि काही बाहेर असतील, तर माफी कुणाच्या वाट्याला किती, हा हिशेब सोसायटीच्या कार्यालयात बसला.

निवृत्तिवेतनाचे प्रकरण या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे, आणि मला ते आशादायक वाटते. 14 ते 20 मार्च 2023 या काळात राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर होते. अनेक राज्यांत जुनी पेन्शन परत आणण्याचे थेट वचन निवडणुकीत दिले गेले. महाराष्ट्रात सरकारने निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, आकडे मांडले गेले, कर्मचारी संघटनांशी चर्चा झाली. ऑगस्ट 2024मध्ये केंद्राने एकत्रित निवृत्तिवेतन योजना मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. 25 वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळण्याची हमी, कर्मचाऱ्याचा 10 टक्के वाटा कायम आणि सरकारचा वाटा 14 टक्क्यांवरून 18.5 टक्के. अनेक कर्मचारी यावर समाधानी नाहीत, आणि त्यांच्या तक्रारींत तथ्य आहे. तरीही घोषणेतली भावना (म्हातारपणी हात पसरावे लागू नयेत) आणि तिजोरीची क्षमता यांच्यामध्ये इथे निदान एक आकडा उभा राहिला. 18.5 हा आकडा वाचून आपण भांडू शकतो, कमी आहे म्हणू शकतो किंवा जास्त आहे म्हणू शकतो. 2017च्या वचननाम्यात असा एकही आकडा नव्हता ज्यावर कुणाला भांडता येईल.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाप्रमाणे नाही. पहिले प्रकरण व्यवसाय कर आणि रोजगार हमीचे आहे, कारण वचनासोबत पैशाची सोय कशी लिहिता येते हे आधी कळले की बाकीची प्रकरणे वाचणे सोपे जाते. त्यानंतर मुंबईचा मालमत्ता कर, पुण्याचा मिळकतकर, एलबीटी, टोल आणि निवृत्तिवेतन येते. शेवटी आयकर आहे, कारण देशातल्या मध्यमवर्गाची सगळ्यात जुनी मागणी तीच. झोपडपट्टी पुनर्वसनाचे, म्हणजे 1995च्या मोफत घरांच्या वचनाचे प्रकरण मी लिहायला घेतले होते, पण त्याचा व्याप एवढा आहे की त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. मुंबईत मध्यमवर्गाला घर का परवडत नाही याचे एक मोठे उत्तर त्या वचनाच्या आर्थिक रचनेत आहे, आणि ते काम माझ्या टेबलावर सुरू आहे.

प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस संबंधित अधिनियमाचे नाव, शासन निर्णयाची तारीख आणि नागरिकाने भरायच्या अर्जाचा नमुना दिला आहे. वाचकाने आपले चालू वर्षाचे बिल शेजारी ठेवून ती पाने वाचावीत, आणि वचनात नसलेली एखादी ओळ बिलात दिसली, तर वॉर्ड ऑफिसात जाऊन ती कोणत्या कलमाखाली लावली आहे ते लेखी विचारावे.